स्वतःलाच चिकटणारी पट्टी आणि आमची लंगडी ठमी

ही पट्टी विकली जाते कुत्र्या-घोड्यांसाठी. पाकिटावर बदकाचं नावसुद्धा नाही. तरीही परसात बदकं पाळणाऱ्यांच्या औषधाच्या डब्यात ती असावी, असं माझं मत झालंय. फक्त त्या मताला बऱ्याच अटी आहेत.

कोहेसिव्ह बँडेज म्हणजे ताणली जाणारी, हाताला जराशी खडबडीत लागणारी पट्टी. ती फक्त स्वतःलाच चिकटते, कातडीला किंवा पिसांना नाही. साध्या चिकटपट्टीने बांधलेला पाय सोडताना पिसं उपटली जातात, बदक गळा काढतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला लांबूनच ओळखतं. इथे ती भानगड नाही. गाठ मारायची नाही, पिन लावायची नाही, कात्रीही शोधायला नको, हाताने फाटते. बदक टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत धरलेल्या माणसाला यातलं सुख कळेल.

आमच्या ठमी बदकाचा पाय जाळीच्या फटीत अडकला होता. घोटा सुजलेला, वरची कातडी सोललेली. बदकाच्या पायात मागच्या बाजूला वळलेला जो सांधा दिसतो तो घोटा; गुडघा वर पिसांत दडलेला असतो. पशुवैद्यांनी पाय चाचपून हाड शाबूत असल्याचं सांगितलं. मुरगळलाय म्हणाले. जखम धुऊन गॉज ठेवायचा, त्यावर पातळ कापूस आणि सगळ्यात वर ही पट्टी. म्हणजे तिचं काम ड्रेसिंग जागेवर धरायचं आणि सांध्याला थोडा आधार द्यायचा, एवढंच. पाय लोंबत असेल किंवा भलत्याच कोनात वळला असेल तर पट्टीच्या भरवशावर घरी बसू नका.

आणि मुळात दुखापत आहे का तेही बघा. जखम नाही, मार लागल्याची खूण नाही आणि तरी दोन्ही पाय लटपटतायत, तर मामला वेगळा असू शकतो. गिळलेला शिशाचा तुकडा, सडक्या पाण्यातून झालेली बोट्युलिझमची विषबाधा, पिल्लांमध्ये नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. बदकाच्या पिल्लाला दर किलो खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिल्लाला त्याहून बरंच कमी. त्यामुळे कोंबडीच्या खाद्यावर वाढलेल्या बदकांचे घोटे सुजू शकतात, पाय वाकू शकतात. त्यांना कितीही सुबक पट्टी बांधा, उपयोग शून्य.

आता मुख्य तक्रार. ही पट्टी फार मायेने गळा दाबते. बांधताना बेताची वाटते, पण ताणलेली असल्यामुळे आतल्या आत आवळत राहते. बदकाच्या पायाची नळी बारीक, तिच्यावर मांस जवळपास नाहीच, त्यामुळे रक्त अडायला वेळ लागत नाही. उपाय सोपा आहे आणि तो पाकिटावर छापायला हरकत नव्हती: लागेल तेवढी पट्टी आधी गुंडाळीवरून पूर्ण सोडवून घ्यायची, सैल करायची आणि मग नुसती पायाभोवती ठेवत जायची. ओढायचं नाही. शेवटचं टोक बोटाने दाबलं की बसतं. नंतर बोटांमधला पडदा हाताने बघायचा. दुसऱ्या पायापेक्षा गार लागला, फिका पडला किंवा फुगला, तर पट्टी ताबडतोब काढायची. मी पहिल्या दिवशी इतक्या वेळा पडदा चाचपला की ठमीने मला चोचीने समज दिली.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ कोंबडीचे आहेत, तेही लक्षात ठेवा. कोंबडीच्या बोटांच्या मधून पट्टी आरपार नेता येते. बदकाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पडदा, तिथून काय नेणार? तळव्याला खपली धरून गाठ झाली असेल आणि पशुवैद्यांनी तिथे ड्रेसिंग सांगितलं असेल, तर पट्टी अख्ख्या पंजावरून घ्यायची, मागच्या छोट्या बोटाच्या पाठीमागून नळीवर आणायची आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. त्यासाठी रुंद पट्टीच्या उभ्या चिंधोट्या कापून घेतल्या तर काम सुटसुटीत होतं.

पाकिटावर ‘पाण्याला दाद देत नाही’ असा दावा आहे. हे लिहिणाऱ्याने बदक पाहिलेलं नसावं. ठमीने पिण्याच्या भांड्यात चोच खुपसून मान झटकली की आधी पट्टी आणि मग आतला कापूस ओला. ओलं ड्रेसिंग तसंच ठेवलं तर कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम चिघळते. भांडं उथळ करून भागत नाही, कारण बदकाला नाकपुड्या बुडतील एवढं पाणी लागतंच. भांडं जाळीच्या पलीकडे ठेवून फक्त मान बाहेर जाईल अशी सोय केल्यावर जरा सुधारलं. तरी ओली झाली की बदल, हे चालूच राहिलं, आणि गुंडाळी बघता बघता संपते.

शिवाय चावणं आहे. कडू लेप लावलेली पट्टीही मिळते, कुत्र्यांनी चघळू नये म्हणून. ठमीवर त्या कडूपणाचा काडीचाही परिणाम झाला नाही. तुकडा तुटून पोटात जायची भीती असते, म्हणून सुटं टोक नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला, तिच्या चोचीला अवघड जाईल असं ठेवायचं.

पाय बरा झाला तो बऱ्याच अंशी आरामाने. रबरी चटईवर टॉवेल, लहान जागा, बाकीची बदकं दिसतील पण नराला आत येता येणार नाही अशी जाळी. बसून राहिलेल्या बदकाच्या छातीच्या हाडावर फोड येतात, म्हणून खालचं रोज बदलायचं. कातडी धरल्यावर पशुवैद्यांनी कोमट पाण्यात सोडायला सांगितलं: तरंगताना पायावर वजन नसतं आणि पाय आपोआप चालतात. त्याआधी पट्टी काढायची, नंतर बदक पूर्ण कोरडं करायचं. आजारी बदक पिसांना तेल नीट लावत नाही, त्यामुळे भिजतं आणि गारठतं. दुखण्याचं औषध दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तेव्हाच विचारून घ्या. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पाण्याच्या दाव्यासाठी कापला, एक आवळण्याबद्दल पाकिटावर अवाक्षर नाही म्हणून. घेणार असाल तर अडीच किंवा पाच सेंटिमीटर रुंदीची घ्या, दहाची बदकाच्या कामाची नाही. तुम्हाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेली मागा. आणि लाल रंग टाळा, रक्त झिरपलं तरी कळत नाही.