टर्बो सी++ की रेलिब: पहिला गेम कशात लिहावा?

माझी भाची अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने चेंडूने विटा फोडण्याचा साधा गेम लिहायला घेतला, तेव्हा हाताशी होते ते प्रयोगशाळेतले टर्बो सी++ ३.०, जे ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नसल्याने डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावे लागते. गेम अडला, तेव्हा आम्ही दोघांनी तोच रेलिब या लायब्ररीच्या मदतीने नव्याने लिहिला. हे परीक्षण त्या दोन्ही अनुभवांवर आधारलेले आहे.

टर्बोचे गुण आधी सांगतो. बोर्लंड कंपनीच्या या साधनात एडिटर, कंपायलर आणि डीबगर एकाच निळ्या पडद्यावर मिळतात, कंट्रोल-एफ९ दाबताच प्रोग्रॅम चालतो, आणि फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबले की त्याची माहिती समोर येते. इंटरनेट नसलेल्या खोलीत ज्यांनी सी शिकली, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची होती. मीही त्यांच्यापैकीच एक आहे.

पण चित्र हलू लागले की अडचणी सुरू होतात. चेंडू सरकवायचा तर दर वेळी पडदा पुसून पुन्हा रंगवावा लागतो. ही पुसापुशी दिसू नये म्हणून मेमरीतले एक पान (पडद्याएवढे चित्र साठवणारी जागा) दाखवत असताना दुसऱ्यावर चित्र काढण्याची पद्धत आहे. मात्र ६४० × ४८० पिक्सेल आणि १६ रंगांच्या मोडमध्ये एका पानालाच १५० केबी लागतात, व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी असते २५६ केबी, आणि त्यामुळे दुसऱ्या पानाला जागाच उरत नाही. पडदा सतत लुकलुकत राहिला आणि चूक आपल्याच लूपमध्ये आहे असे समजून भाचीने दोन दिवस घालवले. पुढे गुण ३२,७६७च्या वर जाताच आकडा उणे झाला, कारण इथला इंट, म्हणजे पूर्णांक साठवणारा प्रकार, १६ बिटांचा आहे. त्यातही मला सर्वांत खटकते ते हे, की सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली आले आणि हा कंपायलर त्याच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणजे विद्यार्थी नेमस्पेस किंवा व्हेक्टर या मानक सी++मधल्या नेहमीच्या सोयी न पाहताच सी++ येते असे मानून बाहेर पडतो.

रेलिब २०१३ साली रामोन सांतामारिया यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या गरजेतून लिहायला घेतली, आणि तिच्या प्रेरणांमध्ये टर्बोसोबत येणाऱ्या बोर्लंडच्या ग्राफिक्स लायब्ररीचे नाव आहे. हे नाते वापरताना जाणवते. वर्तुळ, आयत, रेषा काढण्यासाठी तशीच एकेका ओळीची फंक्शन्स आहेत, त्यामुळे भाचीचे निम्मे तर्कशास्त्र जसेच्या तसे उचलता आले. फरक असा, की चित्र मागच्या बफरवर तयार होऊन मगच पडद्यावर येते, सेकंदाला ६० फ्रेमचा वेग एका ओळीत ठरतो, आणि दोन कळा एकत्र दाबलेल्याही सहज ओळखता येतात. लायब्ररी मोफत आणि मुक्त परवान्याची आहे. विंडोजसाठीच्या तयार इन्स्टॉलरमध्ये कंपायलरही येतो; तो न घेता लायब्ररी स्वतः जोडायला गेल्यास लिंकरच्या (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणाऱ्या साधनाच्या) त्रुटींशी झगडावे लागते, म्हणून नवख्याने इन्स्टॉलरच घ्यावा.

रेलिबची एक उणीव मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. देवनागरी फॉन्ट भरता येतो, पण अक्षरजुळणीची सोय नसल्याने जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते. पडद्यावर मराठी मजकूर हवा असेल, तर गोडो ४ हे गेम इंजिन निवडावे. हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीमुळे तिथे ‘विद्यार्थी’ हा शब्दही नीट उमटतो. मात्र गोडो शिकताना धड्याची आवृत्ती तपासावी. २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत हलत्या पात्रासाठीच्या कायनेमॅटिकबॉडी२डी या घटकाचे नाव कॅरेक्टरबॉडी२डी झाले, कोडमधल्या यील्डच्या जागी अवेट आले, आणि तिसऱ्या आवृत्तीचे धडे गिरवणारा पहिल्याच दिवशी अडतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत टर्बोच लागते, म्हणून ते भाचीच्या लॅपटॉपवर अजून आहे. तिचा गेम मात्र रेलिबमध्ये पूर्ण झाला, आणि वेबसाठी कंपाइल केल्यामुळे तिच्या मैत्रिणी तो ब्राउझरमध्ये खेळतात.