फ्लोच्या पॅनेलमध्ये डीएनए डाय: सांगलीतल्या लॅबमध्ये काही महिने वापरल्यावर

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) नेहमीच्या फ्लो पॅनेलला, म्हणजे लेसरने एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरवरच्या चाचण्यांना, आम्ही डीएनए डायची (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाची) जोड दिली, त्याला आता बरेच महिने झाले. मशीन आहे पण ही ट्यूब अजून लावत नाहीत, अशा लॅबवाल्यांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

पूर्वी प्रोपिडियम आयोडाइड हा डाय वापरायचो. तो आरएनएलाही चिकटतो, म्हणून आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून थांबणं आलं. आताचा डाय व्हायोलेट लेसरवर चालतो आणि सरफेस मार्करसोबत (पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणांसोबत) एकाच ट्यूबमध्ये जातो. बी-एएलएलमध्ये (बी-पेशींच्या अक्यूट ल्युकेमियात) ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व कॅन्सर पेशी, एका गेटमध्ये (स्क्रीनवर निवडलेल्या गटात), पेशंटच्याच निरोगी टी-लिम्फोसाइट दुसऱ्या गेटमध्ये घ्यायच्या. ब्लास्टच्या जी-१ पीकला (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या पेशींच्या आलेखातल्या शिखराला) लिम्फोसाइटच्या जी-१ पीकने भागलं की डीएनए इंडेक्स मिळतो. बाहेरचा कंट्रोल लागत नाही.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष एस-फेजकडे (डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशींच्या प्रमाणाकडे) असतं. बर्किट या वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये तो चांगलाच चढलेला दिसतोही. पण अक्यूट ल्युकेमियात बहुतेक ब्लास्ट जी-०/जी-१ मध्येच (विभाजनाची तयारी सुरू होण्याआधीच्या टप्प्यात) बसून असतात. तिथे दुखणं वेगाचं कमी आणि पेशी परिपक्व न होण्याचं जास्त. वर्गीकरणाला खरा उपयोग झाला तो पीक कुठे पडतो याचा.

इंडेक्स १.१६ किंवा वर गेला तर साधारण ५१ किंवा जास्त क्रोमोसोम (नेहमीचे ४६), म्हणजे हायपरडिप्लॉइड, आणि लहान मुलांत हा चांगल्या निकालाचा गट. १ च्या बराच खाली गेला तर हायपोडिप्लॉइड (क्रोमोसोम कमी), म्हणजे काळजीचा गट. गोम पुढे आहे. २४ ते ३१ क्रोमोसोमच्या पेशी कधीकधी आपला संच दुप्पट करतात आणि हायपरडिप्लॉइडसारख्या दिसू लागतात. एका मॅरोत (अस्थिमज्जेच्या सॅम्पलमध्ये) १.२ ला ठसठशीत पीक होता, रिपोर्ट आनंदाचा वाटत होता. डावीकडे ०.६ च्या आसपास मात्र एक बारीक उंचवटा होता. डब्लेट (एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी) काढून टाकले तरी तो हलला नाही, आणि १.२ वाल्यांचा स्वतःचा जी-२/एम (डीएनए दुप्पट झालेल्या, विभाजनाच्या बेतातल्या पेशींचा पीक) २.४ ला दिसत होता. म्हणजे ०.६ वाल्या पेशी विभाजनाआधी नुसत्या १.२ ला थांबल्या नव्हत्या, दुप्पट झालेला वेगळा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) होता. हेमॅटोलॉजिस्टना त्याच दिवशी फोन केला. हा उंचवटा कचरा समजून गेटबाहेर टाकला जाऊ नये, एवढ्यासाठी तरी ही ट्यूब लावावी असं माझं ठाम मत आहे.

मर्यादाही सांगते. टी(९;२२) किंवा टी(१२;२१), म्हणजे दोन क्रोमोसोमनी आपले तुकडे अदलाबदल केलेले बदल, यात दिसत नाहीत, कारण डीएनएचं एकूण माप बदलत नाही. एखादा क्रोमोसोम कमी-जास्त असेल तोही निसटतो. फिश (ठराविक जनुकबदल चमकत्या खुणांनी शोधणारी तपासणी) आणि कॅरिओटाइप (क्रोमोसोम मोजून पाहणारी तपासणी) पाठवायचंच. फरक इतकाच की कॅरिओटाइपला कल्चरमध्ये विभागणाऱ्या पेशी लागतात आणि एएलएलच्या पेशी बऱ्याचदा तिथे वाढतच नाहीत. ही तपासणी त्यावर अडत नाही आणि उत्तर त्याच दिवशी हातात येतं.

जत-आटपाडीकडून एप्रिल-मे महिन्यांत आलेली सॅम्पल जपावी लागतात. उन्हात तापलेल्या पेशी मरतात, पीक पसरतो आणि डावीकडचा उंचवटा कचऱ्यात बुडतो. कलेक्शन सेंटरला गार पेटी सक्तीची केल्यापासून बराच फरक पडला. सॅम्पल मशीनवर सर्वात हळू स्पीडनेच चालवावं, घाई केली की पीक रुंदावतो. लाइट जाऊन आली असेल तर लेसर तापू द्यावेत, बीड्स (मशीन तपासायचे प्रमाणित कण) चालवून पाहाव्यात आणि मगच मॅरो लावावा.