अकरा मीटरचं अंतर, दोन केबली आणि आठ महिने

प्रोजेक्टरला चित्र नेणारी ऑप्टिकल एचडीएमआय केबल लावली फेब्रुवारीत, लिहितोय ऑक्टोबरात. मध्ये वळीव झाला, पुरता पावसाळा झाला, गणपती झाले, म्हणून आता बोलायला हरकत नाही. घेतल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पहिल्या दिवशी सगळ्याच केबली चालतात. माझी पहिलीही चालली होती.

आमचं घर कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीत. वरच्या मजल्यावरची अठरा बाय तेराची खोली सिनेमासाठी मोकळी केली. समोर पडदा, त्याखालच्या कपाटात एव्ही रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचं चित्र-आवाज घेऊन पुढं पाठवणारा), स्ट्रीमिंगचा डबा, सेट-टॉप बॉक्स आणि पोराचा गेमिंग कन्सोल. प्रोजेक्टर मागच्या बाजूला छताला टांगलेला. कपाटापासून प्रोजेक्टर नजरेनं बघितला तर पाच मीटरवर आहे, पण केबल काही हवेतून जात नाही. भिंतीतून वर, छताच्या कडेनं, मग आडवी. सुतळी लावून मोजलं तर साडेदहा भरलं. दोन्ही टोकांना थोडी ढील धरून अकरा.

अकराची केबल कुठं मिळणार? राजारामपुरीतल्या एका दुकानात पंधरा मीटरची तांब्याची एचडीएमआय मिळाली, २,१०० रुपयांना. खोक्यावर मोठ्या अक्षरात '८के, ४८ गिगाबिट'. दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन्ही टोकांना सोन्याचं पाणी दिलंय, चित्रात फरक बघाच." सोनं घ्यायचं तर मी गुजरीत जाईन आणि चांदी घ्यायची तर हुपरीला. पिनांवरच्या सोन्याचा उपयोग एवढाच की त्या गंजत नाहीत, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो उपयोग काही कमी नाही. पण चित्राला त्यानं उजळी येत नाही. हे माहीत असूनही मी ती घेतलीच.

तीन आठवडे रोज रात्री सिनेमे बघितले. एक ठिपका इकडचा तिकडं नाही. मग एका रात्री युरोपातल्या लीगचा सामना होता, चार-पाच मित्र जमले. कोल्हापुरात फुटबॉल बघायला माणसं बोलवायची म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर हिरव्या मैदानावर पांढरे ठिपके चमकायला लागले, कुणी साखर उधळल्यासारखे. मग पडदा काळा, दोन सेकंदांनी परत चित्र, परत काळा. आमच्यात एक पाटाकडीलवाला आणि एक दिलबहारवाला आहे, म्हणजे इथल्या दोन फुटबॉल संघांचे कट्टर. दोघांचं आजवर कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, त्या रात्री माझ्या केबलला शिव्या घालताना झालं. "भावा, पडदा एवढा मोठ्ठा आणलास आणि वायर कुठली लावलीस रं?"

सिनेमा चालतो आणि सामना का चालत नाही, हे कळायला दोन रात्री गेल्या. ४के म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, एकूण जवळपास ८३ लाख. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि माझा डबा सिनेमा लागला की बरोबर २४ वर उतरतो. त्याला तारेतून सेकंदाला ९ ते ११ गिगाबिट माहिती गेली तरी पुरतं. सामना सेकंदाला ५० चित्रांनी जातो. तो साधा एचडी असला तरी डबा त्याचं ४के करून पाठवतो, आणि ४के ५० वर असो की ६० वर, तारेवर पूर्ण १७.८२ गिगाबिटचा भार येतो. ११ पर्यंत तांब्याच्या त्या पंधरा मीटरनं निभावून नेलं, १८ च्या घरात गेल्यावर तिचा दम संपला. तांब्यात लांबी वाढेल तसा वेगवान सिग्नल विरत जातो. १८ गिगाबिटसाठी साधी तांब्याची केबल सात-आठ मीटरच्या पुढं भरवशाची राहत नाही, आणि ४८ साठी पाचच्या आतबाहेरच. पंधरा मीटरच्या साध्या तारेवर ४८ छापायला शाई लागते, बाकी काही लागत नाही.

मी उद्यमनगरात मशीन शॉपला आहे. आमच्याकडं जॉब मापात आहे का ते बघायला गो नो-गो गेज असतं, गो बाजू बसली आणि नो-गो बसली नाही तर पास, नाहीतर रिजेक्ट. डिजिटल केबल तशीच. दोन हजारांची आणि वीस हजारांची, दोन्हींतून सगळे बिट पोचत असतील तर चित्र तेच. काळा जास्त काळा होत नाही, लाल जास्त लाल होत नाही. फक्त गेज जोर लावून बसवलेला जॉब जसा पुढं कधीतरी मार खातो, तशी काठावर चालणारी केबल ऐन वेळी मार खाते.

दुकानात परत गेलो तर उत्तर तयार होतं, "महिनाभर चालली ना?" वाद घातला नाही. तात्पुरता उपाय म्हणून डब्याच्या सेटिंगमध्ये रंगाची विभागणी ४:२:० केली. त्यात रंगाची माहिती कमी जाते, भार ११ च्या आसपास येतो. ठिपके लगेच गायब. सामना बघताना फरक कळत नाही, पण लॅपटॉप लावला तर लाल अक्षरं फिसकटतात. तुमच्याकडं असे ठिपके येत असतील तर आधी हे करून बघा. थांबले तर दोष बहुतेक केबलचाच.

मग ऑप्टिकल घेतली. पंधरा मीटर, ५,६०० रुपये. हिच्या आत काचेचे चार धागे असतात, त्यांतून चित्र उजेडाच्या रूपात जातं. एका टोकाला बारीक लेझर, दुसऱ्या टोकाला तो उजेड वाचणारी चिप. बाकी किरकोळ निरोपांच्या तारा तांब्याच्याच. लेझर एकाच टोकाला, त्यामुळं हिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. उलटी लावली तर चित्र येत नाही.

हे मला पाठ होतं, तरी जे झालं ते ऐका. केबल आधी फरशीवर पसरून एक रात्र चालवली, उत्तम चालली. रविवारी वायरमन आणि त्याचा पोरगा आले. पाईप एक इंची, दोन बेंड. डोकं बेंडला घासू नये म्हणून मी दोन्ही डोक्यांना हौसेनं इन्सुलेशन टेप गुंडाळली. स्प्रिंगला केबल बांधली, कॅरमची पावडर फासली. पोरगा स्टुलावर चढून ओढतोय, मी खालनं सारतोय, वायरमन मधे उभा राहून "हळू, हळू" करतोय. अर्ध्या तासानं डोकं बाहेर आलं. टेप सोलली, खोचलं, प्रोजेक्टर लावला. नो सिग्नल. तीन-तीनदा काढून लावलं. मग बॅटरीच्या उजेडात बघितलं तर प्रोजेक्टरच्या टोकाला 'सोर्स'. टेपखाली अक्षर झाकलं गेलं होतं आणि झाकणारा मीच.

वायरमन म्हणाला, "सायेब, उलटी गेली काय अन् सुलटी गेली काय, वायरला काय कळतंय?"

म्हटलं, "ह्या वायरला कळतंय."

चहा झाला, भडंग झाला आणि केबल परत काढून परत घातली. तुम्ही टेप लावणार असाल तर वरनं मार्करनं लिहा.

त्यानंतरचे आठ महिने. सामने, सिनेमे, पोराचे गेम, कशातही एकदाही पडदा काळा नाही. तक्रारी किरकोळ आहेत. डोकं जड आणि लांब आहे, छताला टांगलेल्या प्रोजेक्टरमधून ते ओघळल्यासारखं वाटायचं; ब्रॅकेटला पट्टीनं बांधलं तेव्हा स्वस्थता आली. वाकवायला भीती वाटते. चहाच्या बशीपेक्षा लहान वळण मी देत नाही, कारण आतली काच तुटली तर सांधायची सोय नाही, अख्खी केबल बाद. आणि ही केबल चालायला वीज लागते, ती चित्र पाठवणाऱ्या यंत्राच्या पोर्टमधूनच घेते. माझ्या जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही, थेट लावला तर चित्र येत नाही. रिसीव्हरमधून लावला की येतं.

जुलैत एकदा चित्र लुकलुकलं तेव्हा पोटात गोळा आला होता. पण दोष लांब केबलचा नव्हता, सेट-टॉप बॉक्सच्या अर्ध्या मीटरच्या जुन्या तुकड्याच्या पिनांवर ओल बसली होती. काढून, पुसून लावला, गेलं. वळिवात कडकडायला लागलं की मी प्लग काढतो. काचेची केबल आहे म्हणून वीज येणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तिच्यात तांब्याच्या तारा आहेतच.

कपाटातल्या लहान केबलींवर पैसे घालवू नका. कन्सोलच्या खोक्यात आलेलीच वापरतोय. आणखी दोन लागल्या त्या दीड मीटरच्या घेतल्या, साडेसहाशेला एक. खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड'चं क्यूआर असलेलं लेबल होतं, ते मोबाइलवर तपासलं आणि घेतली. केबलचं अधिकृत नाव असं असतं, 'हाय स्पीड', 'प्रीमियम हाय स्पीड', 'अल्ट्रा हाय स्पीड'. एचडीएमआय २.० आणि २.१ म्हणतात ते यंत्रांच्या पोर्टच्या नियमावलीचे आकडे आहेत. आता २.२ आलंय, ९६ गिगाबिटचं. माझ्या प्रोजेक्टरला १८ च्या वर कळतच नाही, मी कशाला अंगाला लावून घेऊ?

इचलकरंजीच्या मेहुण्यानं माझं बघून टीव्हीला स्वस्तातली ऑप्टिकल लावली. चित्र आलं, पण टीव्हीचा आवाज साउंडबारला जाईना. त्याच्या केबलीत आवाजाची परतीची वाटच नव्हती. प्रोजेक्टरला तिची गरज पडत नाही, टीव्हीवाल्यांनी मात्र खोक्यावर 'ईएआरसी', म्हणजे हीच परतीची वाट, वाचूनच घ्या.

राहिली पहिली केबल. गणपतीत गल्लीतल्या मंडळाला मोठ्या पडद्यासाठी लांब तार हवी होती, ती मागून नेली. त्यांचं सगळं साधं एचडी, १०८०पी, म्हणजे साडेचार गिगाबिटचं काम. दहा दिवस पावसात, मांडवात, लोकांच्या पायाखाली चालली, ठिपका नाही. पोरं म्हणाली, "अण्णा, लई भारी वायर हाय." म्हणूनच की काय, अजून परत आलेली नाही.