खडीचे पट्टे: ठाण मांडलेले आणि सरकणारे
कणकुंबीहून खानापूरकडे येणाऱ्या मलप्रभेसारख्या नदीत वळणाच्या आतल्या काठाला साचलेला खडीचा पट्टा जागा सोडत नाही. धार बाहेरचा काठ खाते, म्हणजे पिचिंग (काठाला दगडी अस्तर) कुठे करायचं हे आधीच ठरलेलं.

नदी सरळ करून दोन भिंतींत कोंडली की हिशेब बिघडतो. पात्राची रुंदी पुराच्या खोलीच्या साधारण दहा-वीसपटीपुढे गेली, की पट्टे आलटून-पालटून डाव्या-उजव्या काठाला बसतात आणि पुरागणिक प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकतात. आल्प्समधल्या सरळ केलेल्या ऱ्हाईनवर ते ठळक दिसतात. पट्ट्यासमोर भिंतीच्या पायथ्याशी डोह पडतो, तोही सरकतो. म्हणून पाया सबंध लांबीभर खोल हवा (खर्च इथेच फुगतो).

पात्र अरुंद केलं तर पट्टे जातात, पण तळ खचू लागतो. पट्ट्यावर झुडपं रुजली तर सरकणं थांबतं. मग समोरची भिंत एकाच जागी मार खाते.