मेन आणि हेस्टिंग्जच्या कोपऱ्यापासून: व्हँकुव्हरच्या एका मतदारसंघाची पायी फेरी

व्हँकुव्हर शहरात पायी फिरून इतिहास दाखवणाऱ्या फेऱ्या पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक खाण्यापिण्याच्या, भुताखेतांच्या किंवा जुन्या इमारतींच्या असतात. एका विधानसभा मतदारसंघाची फेरी मी प्रथमच पाहिली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेत 1991 पासून व्हँकुव्हर–माउंट प्लेझंट या नावाने असलेला आणि 2024 च्या निवडणुकीपासून मुख्यतः व्हँकुव्हर–स्ट्रॅथकोना या नावाने ओळखला जाणारा हा भाग एक लहानशी संस्था शनिवारी सकाळी साडेतीन तासांत दाखवते. गटात जास्तीत जास्त बारा माणसे घेतात. आमच्या गटाला वाट दाखवणाऱ्या बाई स्ट्रॅथकोनातच लहानाच्या मोठ्या झालेल्या आहेत. फेरीबद्दल माझे मत अनुकूल आहे. तिच्यात दोन उणिवा आढळल्या, त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

माझ्याबरोबर माझे सासरे होते. अण्णा सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि नोकरीच्या काळात त्यांनी कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. निवडणुकीचा विषय निघाला की त्यांचे कान टवकारतात, म्हणून त्यांच्या इथल्या मुक्कामात ही फेरी ठरवली. त्यांच्या प्रश्नांमुळे फेरीचा बराच फायदा झाला, असे बाईंनीही शेवटी बोलून दाखवले.

सुरुवात होते ती मेन आणि हेस्टिंग्ज या रस्त्यांच्या चौकातील कार्नेगी इमारतीपाशी. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या 50,000 डॉलरच्या देणगीतून उभी राहिलेली ही इमारत 1903 साली सार्वजनिक ग्रंथालय म्हणून उघडली आणि रहिवाशांच्या चळवळीनंतर 1980 पासून ती वस्तीचे समाजकेंद्र आहे. आत संगमरवरी गोल जिना आहे आणि जिन्यालगतच्या रंगीत काचांमध्ये इंग्रजी कवींची चित्रे आहेत. पायऱ्यांच्या मधोमध दगड झिजून खळगे पडले आहेत. अण्णा तिथे थांबले, पायाने खळगा चाचपला आणि म्हणाले, "आमच्या वाड्याच्या उंबऱ्यासारखं आहे हो हे." बाहेर पडले की डाउनटाउन ईस्टसाइड सुरू होते. कॅनडातल्या सर्वांत गरीब शहरी वस्त्यांमध्ये तिची गणना होते, पदपथावर झोपणारी माणसे तिथे दिसतात, आणि उत्तर अमेरिकेतले अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांसाठीचे पहिले कायदेशीर देखरेखीखालील केंद्र 2003 साली याच हेस्टिंग्ज रस्त्यावर उघडले. फेरी सुरू होण्यापूर्वीच बाईंनी सर्वांना बजावले की इथे राहणाऱ्या कोणाचेही छायाचित्र काढायचे नाही आणि कोणाकडे टक लावून पाहायचे नाही. हा नियम त्यांनी स्वतः काटेकोर पाळला. या फेरीला मी जे गुण देते, त्यांत हा पहिला.

इथेच अण्णांनी विचारले, "ज्याला घरच नाही, त्याचं नाव यादीत कसं येतं?" बाईंचे उत्तर नेमके होते. प्रांताच्या निवडणूक कायद्यानुसार घर नसलेला मतदार आपण जिथे जेवतो किंवा रात्र काढतो ते निवारा केंद्र अथवा तत्सम सेवाकेंद्र आपले निवासस्थान म्हणून नोंदवू शकतो. मतदारसंघ कोणाचा बनलेला आहे, हे सांगायला वस्त्यांची नावे पुरत नाहीत. यादीत कोणाला जागा आहे, तेही सांगावे लागते, आणि ही फेरी ते सांगते.

मग त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. खाली साधा शहराचा नकाशा आणि त्याच्यावर बटर पेपरचे दोन कागद होते. एकावर निळ्या पेन्सिलीने जुनी हद्द, दुसऱ्यावर लाल पेन्सिलीने 2024 ची हद्द. वारा सुटल्याने कागद फडफडत होते, तेव्हा अण्णांनी एक कोपरा धरला आणि मी दुसरा. मतदारसंघाच्या रचनेची माहिती इतक्या सोप्या साधनाने कोणी समजावलेली मी पाहिली नव्हती. 1986 च्या निवडणुकीत या प्रांतात 52 मतदारसंघांतून 69 आमदार निवडले गेले, कारण 17 मतदारसंघ दोन-दोन आमदारांचे होते. हा भागही तेव्हा अशाच जोडमतदारसंघांमध्ये मोडत असे. न्यायाधीश फिशर यांच्या आयोगाने एक मतदारसंघ एक आमदार अशी 75 जागांची रचना सुचवली. 1989 साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या मुख्य न्यायाधीश बेव्हर्ली मॅकलाक्लिन यांनी मतदारसंघांच्या लोकसंख्येतील मोठी तफावत घटनेशी विसंगत ठरवली, आणि 1991 ची निवडणूक नव्या रचनेने झाली. माउंट प्लेझंट हा मतदारसंघ त्या रचनेतून जन्माला आला. दोन आमदारांचा विषय निघताच अण्णांना आठवले की आपल्याकडेही 1952 आणि 1957 च्या निवडणुकांत काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. त्यांनी हे सांगितले तेव्हा गटातले सगळे त्यांच्याकडे वळून ऐकू लागले.

आणखी एक तुलना मला इथे करावीशी वाटते. ब्रिटिश कोलंबियात दर दोन सार्वत्रिक निवडणुकांनंतर स्वतंत्र आयोग हद्दी तपासतो आणि अपवाद वगळता कोणत्याही मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपेक्षा 25 टक्क्यांहून अधिक कमी-जास्त ठेवत नाही. जागा 75 वरून 79, 85, 87 आणि आता 93 झाल्या. 2021 च्या जनगणनेनुसार प्रांताची लोकसंख्या 50 लाखांच्या घरात आहे, म्हणजे एका आमदारामागे सरासरी 54 हजारांच्या आसपास माणसे. महाराष्ट्रात 288 आमदार आहेत आणि आपल्या मतदारसंघांच्या हद्दी 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. अण्णा बराच वेळ या आकड्यांवर काही बोलले नाहीत.

पुढचा टप्पा चायनाटाउनचा. दुकाने आणि बाग यांपेक्षा बाईंनी मताधिकारावर अधिक वेळ दिला, हे मला योग्य वाटले. चिनी आणि मूलनिवासी लोकांचा मताधिकार या प्रांताने 1870 च्या दशकातच काढून घेतला, जपानी लोकांचा 1895 साली आणि भारतातून आलेल्यांचा 1907 साली. त्याच 1907 च्या सप्टेंबरात आशियाई लोकांविरुद्ध दंगल उसळून याच रस्त्यांवरची दुकाने फोडली गेली. भारतीय आणि चिनी वंशाच्या नागरिकांना प्रांतिक मतदानाचा हक्क परत मिळाला तो 1947 साली. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी इथे आपल्या माणसांना मत मिळाले, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी इतकी वर्षे या शहरात राहते आणि मला हे ठाऊक नव्हते.

याच ठिकाणी पहिली उणीव लक्षात आली. हाती दिलेल्या छापील पत्रकात 1947 साली "सर्व आशियाई" लोकांना मताधिकार मिळाला असे लिहिले आहे, आणि ते चूक आहे. जपानी वंशाच्या लोकांना आणि मूलनिवासींना 1949 पर्यंत थांबावे लागले. जपानी लोकांचे पॉवेल रस्त्यावरचे नांदते घर तर 1942 च्या हद्दपारीने आधीच मोडले होते. मी हे निदर्शनास आणले तेव्हा बाईंनी ताबडतोब मान्य केले आणि माझ्या पत्रकावर स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली. नव्या छपाईत ती यावी अशी माझी विनंती आहे, कारण पॉवेल रस्ता इथून चालत काही मिनिटांवर आहे.

फेरीचा गाभा म्हणजे स्ट्रॅथकोना, आणि इथे बाईंचा स्वर बदलला. युनियन आणि प्रायर या रस्त्यांमधली होगन्स अ‍ॅली ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. जवळच रेल्वेची स्थानके असल्याने तिथले अनेक पुरुष शयनयान डब्यांत हमालीचे काम करत आणि बायका छोटी खाणावळे चालवत. प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या आजी नोरा हेंड्रिक्स याच परिसरात राहत. जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूवरचे चर्च उभे करणाऱ्यांत त्या होत्या. 1960 च्या दशकात शहराने वस्ती पाडून द्रुतगती महामार्ग आणण्याचा घाट घातला. जॉर्जिया आणि डन्समूर हे दोन उड्डाणपूल त्या महामार्गाचा पहिला तुकडा म्हणून बांधले गेले, 1972 साली वाहतुकीला खुले झाले आणि त्यांच्यासाठी होगन्स अ‍ॅलीचा पश्चिमेकडचा भाग नाहीसा झाला. आम्ही पुलाच्या खांबाशी उभे होतो. वरून गाड्यांचा आवाज येत होता. खांबाला हात लावून बाई म्हणाल्या, "इथे माझ्या आईच्या मैत्रिणीचं स्वयंपाकघर होतं." पूल पाडण्याचा निर्णय नगरपालिकेने 2015 साली घेतला, पण आम्ही गेलो तेव्हा ते उभे होते.

महामार्ग तेवढ्यावरच थांबला, याचे श्रेय रहिवाशांना आहे. स्ट्रॅथकोनातले घरमालक आणि भाडेकरू 1968 साली संघटित झाले, त्यांत चिनी कुटुंबे पुढे होती. गल्लीगल्लीतून माणसे नेमून दोन भाषांत पत्रके वाटली गेली. मेरी ली चॅन आणि त्यांची कन्या शर्ली चॅन यांची नावे या लढ्यात आदराने घेतली जातात. अखेर केंद्र सरकारने पाडापाडीसाठीचा निधी रोखला आणि उरलेली घरे वाचली. या रहिवाशांना कायद्याची मदत करणारे तरुण वकील माइक हारकोर्ट पुढे नगरसेवक, मग 1980 पासून 1986 पर्यंत महापौर, आणि 1991 साली माउंट प्लेझंटचे पहिले आमदार व प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मतदारसंघाच्या पहिल्या प्रतिनिधीची सुरुवात या गल्ल्यांत झाली, आणि जी वस्ती नकाशावरून पुसायची होती तिचेच नाव आता मतदारसंघाला मिळाले. बाईंनी हे सांगताना लाल पेन्सिलीची रेघ पुन्हा बोटाने गिरवली. माझ्या मते या साडेतीन तासांतला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे.

हारकोर्ट यांच्यानंतर 1996 ते 2015 जेनी क्वान आमदार होत्या. 2001 साली विधानसभेच्या 79 पैकी 77 जागा लिबरल पक्षाने जिंकल्या, तेव्हा न्यू डेमोक्रॅटिक पक्षाकडे उरलेल्या दोन जागांपैकी एक ही होती, यावरून इथल्या मतदारांचा कल किती ठाम आहे ते कळते. 2016 च्या पोटनिवडणुकीत मेलनी मार्क निवडून आल्या. ब्रिटिश कोलंबियाच्या विधानसभेत पोहोचलेल्या त्या पहिल्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूलनिवासी समाजातल्या, महिला, आणि 2017 साली त्या मंत्री झाल्या. 2023 च्या पोटनिवडणुकीत जोन फिलिप आल्या आणि 2024 साली त्याच नव्या नावाच्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आल्या. ही सगळी भूमी मस्क्विअम, स्क्वॉमिश आणि स्लेवॉटुथ लोकांनी कधीच करार करून दिलेली नाही. मूलनिवासींना 1949 पर्यंत मत नव्हते आणि पुढे मूलनिवासी स्त्रियाच या भागाच्या वतीने बोलू लागल्या, ही साखळी बाईंनी न घाई करता उलगडली.

दुसरी उणीव माउंट प्लेझंटची. पॅसिफिक सेंट्रल स्थानकापासून 3 नंबरच्या बसने मेन रस्त्यावरून वर नेतात, तेव्हा तीन तास होऊन गेलेले असतात आणि सगळे थकलेले असतात. फॉल्स क्रीकची खाडी भरून रेल्वेची यार्डे कशी झाली, किंग्जवे हा जुना रस्ता इतर रस्त्यांना तिरका का छेदतो, जुन्या कामगार वस्तीत भाडी कशी चढली, हे सगळे वीस मिनिटांत आटोपले जाते. तेहेतीस वर्षे मतदारसंघाला ज्याचे नाव होते, त्या भागाला एवढाच वेळ मिळणे मला खटकले. चायनाटाउनमधला चहाचा थांबा थोडा आखडता घेतला तर हा वेळ सहज मिळेल.

माणशी 35 डॉलर हे शुल्क मला वाजवी वाटले. ज्येष्ठांसाठी सवलत आहे, ती आधी कळवून मागावी लागते. पाऊस असला तरी फेरी रद्द होत नाही, त्यामुळे छत्रीपेक्षा रेनकोट बरा. बटर पेपरचे नकाशे बाई प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. गुडघे दुखणाऱ्यांनी कार्नेगीचा जिना चढू नये, खालूनही काचा नीट दिसतात. स्वच्छतागृहासाठी कार्नेगी आणि पॅसिफिक सेंट्रल ही दोनच ठिकाणे वाटेत आहेत. अण्णांनी जाताना बाईंकडून त्यांच्या निळ्या आणि लाल रेघांची एक प्रत मागून घेतली. ती आता सांगलीच्या घरी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.