फुगा कुठवर न्यावा? तपांबर, स्थितांबर आणि त्यांवरचे थर

वातावरणाच्या तापमानाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला सर्वांत आधी थर निवडावा लागतो, कारण साधन (तापमापक वर नेणारा फुगा की अग्निबाण), खर्च आणि हाती येणाऱ्या नोंदींचा अर्थ त्यावरूनच ठरतो. जमिनीपासून वर जाताना तपांबर, स्थितांबर, मध्यांबर आणि उष्मांबर असे थर लागतात. वर जावे तसतशी थंडी वाढते, हा डोंगर चढताना येणारा अनुभव तपांबरात आणि पुढे मध्यांबरात खरा ठरतो. स्थितांबरात व उष्मांबरात नेमके उलटे घडते. म्हणूनच तापमान किती आहे, यापेक्षा उंचीबरोबर ते घटते की वाढते, हा प्रश्न मला निवडीसाठी अधिक मोलाचा वाटतो.

तपांबराला उष्णता मुख्यतः खालून, तापलेल्या पृष्ठभागाकडून मिळते आणि दर किलोमीटरला तापमान सरासरी 6.5 अंश सेल्सिअसने उतरते. खाली उबदार आणि वर थंड अशी रचना असल्यामुळे हवा सहज वर चढते, प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. पाऊस, गारा, वादळे हे सारे जवळपास याच थरात घडते. विषुववृत्तावर हा थर सुमारे 16 ते 18 किलोमीटर, तर ध्रुवांवर 8 ते 9 किलोमीटर जाड असतो. त्यामुळे तापमानाची घट विषुववृत्तावर अधिक उंचीपर्यंत चालू राहते आणि तिथली तपस्तब्धी, म्हणजे तपांबराची वरची सीमा, उणे 80 अंशांच्या आसपास, ध्रुवांवरील तपस्तब्धीपेक्षाही थंड असते.

स्थितांबरात ओझोन अतिनील किरण शोषतो, म्हणून तापमान वाढत जाऊन 50 किलोमीटरच्या सुमारास शून्य अंशाजवळ पोहोचते. इथे वर ढकललेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा थंड व जड ठरते आणि परत खाली येते. ढग जवळजवळ नसतात. 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीतून या थरात पोहोचलेल्या गंधकयुक्त वायूपासून बनलेले सूक्ष्म कण पावसाने धुऊन निघाले नाहीत, ऊन अडवत राहिले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. तरीही हा थर निश्चल मानू नये. हिवाळ्यात ध्रुवांवर तो काही दिवसांतच 40 ते 50 अंशांनी तापू शकतो आणि त्याचा परिणाम पुढील आठवड्यांत जमिनीवरच्या थंडीवर दिसू शकतो.

विरळ हवेत तापमापकाची ऊब भोवतालची हवा पुरेशी वाहून नेत नाही, त्यामुळे उन्हात तो खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ तेसराँ द बोर यांना सुमारे 11 किलोमीटरवर तापमानाची घट थांबलेली दिसली, तेव्हा हा उन्हाचाच दोष असेल, ही शंका फेडण्यासाठी त्यांनी रात्रीही फुगे सोडले. तिथून वर वेगळा थर सुरू होतो, हा निष्कर्ष त्यांनी 1902 मध्ये मांडला. स्थितांबर निवडणाऱ्याने हीच काळजी घ्यावी.

मध्यांबर हौशी अभ्यासकाच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे फुगा पोहोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. प्रत्यक्ष मोजमापासाठी अग्निबाणच लागतो. उष्मांबरात तापमान 1000 अंशांच्याही पुढे जाते, पण रेणू इतके विरळ असतात की साध्या तापमापकाला ती उष्णता जाणवणारच नाही. सूर्य सक्रिय असताना हा थर फुगतो आणि उपग्रहांना होणारा रोध वाढतो. 1979 मध्ये स्कायलॅब हे अमेरिकी अंतराळस्थानक अपेक्षेपेक्षा लवकर कोसळले, त्यामागे हे महत्त्वाचे कारण होते.

माझ्या मते पहिल्या प्रयत्नासाठी 30 किलोमीटरपर्यंत जाणारा फुगा सर्वांत योग्य. सेकंदाला 5 मीटर या नेहमीच्या वेगाने त्याला तेवढी उंची गाठायला सुमारे 100 मिनिटे लागतात आणि तपस्तब्धी ओलांडताना आलेखाची दिशा वळलेली एकाच उड्डाणात दिसते. मात्र पाऊस किंवा धुके हाच अभ्यासविषय असेल, तर उंचीचा मोह टाळावा. तपांबरातील स्थिती काही तासांत बदलते. तेव्हा एका उंच उड्डाणाचा खर्च दिवसभरात वेगवेगळ्या वेळी सोडलेल्या, तीन-चार किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या फुग्यांवर करावा.