सोप्या आकारांतून डूडल: सात-आठ महिने वापरल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवलेलं डूडल (म्हणजे झटपट, सोपी रेखाटनं) शिकवणारं पुस्तक संक्रांत झाली तरी टेबलावरून हललेलं नाही, यातच निम्मा रिव्ह्यू आला. चित्रकलेशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला होता, हेही सांगून ठेवतो.

पद्धत सोपी आहे. आधी पेन्सिलीने हलके गोल, चौकोन, त्रिकोण मांडायचे, मग त्यांना कवेत घेणारी बाहेरची रेघ पेनाने ओढायची, शेवटी आतलं खोडायचं. किटली, छत्री, मांजर लगेच जमतात. पण उदाहरणं सगळी कपकेक आणि स्नोमॅनची! सांगलीत स्नोमॅन कुठून आणायचा? म्हणून मी आजूबाजूचंच काढायला घेतलं. आयर्विन पुलाच्या कमानी झाल्या, मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तानपुरा.

खरी मजा तानपुऱ्यात आली. नुसता गोल आणि काठी काढली तर लॉलीपॉप दिसतो. भोपळा नीट बघा: खाली जरा चपटा, वर दांडीकडे निमुळता. म्हणून गोल थोडा दाबायचा, त्यावर बुटका त्रिकोण टेकवायचा, दोघांवरून एकच रेघ फिरवायची. मग दांडी, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि चार खुंट्या. (खुंट्या जास्त झाल्या की लोक सतार म्हणतात.) आकार हा नुसता अंदाज असतो, तो वस्तू बघून दाबायचा-ताणायचा असतो, हे पुस्तकात कुठेच नाही. तिथे गोल तो गोलच.

माणसांचं प्रकरण सगळ्यात कच्चं. हात-पाय फुगलेले, सगळे चेहरे एकाच छापाचे. तिथे मी सरळ वारलीकडे वळलो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल डोकं, की माणूस नाचायला तयार. आपल्याकडे जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि पुस्तकाच्या कव्हरवर मात्र ‘अगदी नवीन तंत्र’!

‘डूडलने एकाग्रता वाढते’ हा पुस्तकाचा दावाही जरा ताणलेलाच. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांच्या 2009 च्या प्रयोगात 40 जणांना कंटाळवाणा फोन संदेश ऐकवला होता. ऐकताना कागदावरचे आकार रंगवणाऱ्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा 29 टक्के जास्त आठवलं. पण ते छापलेले आकार नुसते भरत होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये चौकोन भरत बसलो तर माझंही लक्ष राहतं. तानपुरा काढायला घेतला की साहेब काय बोलले ते शेजाऱ्याला विचारावं लागतं.

कागद पातळ आहे, जेल पेन मागे उमटतं. सरावाला साधी चित्रकलेची वही घ्या, पेन्सिल एचबी, आणि हात हलका ठेवा. दाबून काढलेला गोल खोडला तरी वळ राहतो.

मोठ्यांना विरंगुळा म्हणून घ्यायला हरकत नाही. मुलांच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेसाठी घेत असाल तर राहू द्या. तिथल्या वस्तुचित्राला छाया-प्रकाश लागतो, आणि त्याचं यात एक पानही नाही.